‘बेल्जियमची’ फुलदाणी नेमकी कुठली? जुन्या काचेचे मूळ शोधण्याची रीत

१/
महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत आणि बंगल्यांत रंगीत काचेची एखादी फुलदाणी शिल्लक असेल, तर तिच्याविषयी बहुधा एकच वाक्य ऐकू येते : “ही बेल्जियमची.” हंड्या, झुंबरे, आरसे, अत्तरदाण्या, सर्वांना हीच ओळख. परंतु या एका शब्दाखाली बोहेमिया, इंग्लंड, फ्रान्स, जपान आणि खुद्द महाराष्ट्र अशा अनेक ठिकाणची काच दडलेली असू शकते. तिचे मूळ कसे शोधतात आणि ते शोधणे का महत्त्वाचे आहे, त्याविषयी हा थ्रेड.

२/
आधी अडचण समजून घेऊ. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर मेरी आणि बाल येशूची आकृती व १७०७ हे साल आहे. पावणेतीनशेहून अधिक वर्षांनीही ती आपले मूळ स्वतःच सांगते. काचेच्या वस्तूवर असे काही क्वचितच असते. शिवाय फुटकी काच पुन्हा भट्टीत जाते, आणि तिच्या पहिल्या जन्माची खूण तिथेच संपते.

३/
वसईच्या परिसराला परदेशी काच नवी नाही. वसई–दिवा लोहमार्गावरील कामण हे गाव कामणदुर्गाच्या पायथ्याशी आहे, आणि तेथून पश्चिमेला काही किलोमीटरवर प्राचीन बंदर सोपारा. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पश्चिम किनाऱ्यावरील बाजारपेठांमध्ये सोपारा आणि कल्याण ही नावे येतात. त्याच ग्रंथात भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत ‘कच्ची काच’ आहे. म्हणजे घडवलेली भांडी नव्हे, तर येथे वितळवून घडवण्यासाठी आणलेले काचेचे गोळे. अशा मालातून भारतात एखादा मणी घडला, तर त्याचे मूळ कोणते? भूमध्य समुद्राचा किनारा की येथील कारागिराची भट्टी? आजच्या फुलदाणीपुढेही हाच प्रश्न उभा राहतो.

४/
सोपाऱ्याचे दुसरे उदाहरण वेगळ्या कारणाने उपयोगी आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकलला. आत एकात एक ठेवलेले करंडक मिळाले : तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. यातील स्फटिक म्हणजे काच नव्हे. स्फटिक खाणीत सापडतो, काच भट्टीत होते. आज दुकानात चकचकीत काचेलाही ‘क्रिस्टल’ म्हणतात, त्यामुळे हा भेद पुसट झाला आहे. रोमन लेखक प्लिनी तर सांगतो की भारतात फुटक्या स्फटिकापासून काच करतात आणि म्हणून तिची बरोबरी कोणतीही काच करू शकत नाही. गोंधळ दोन हजार वर्षांचा आहे.

५/
म्हणून पहिला प्रश्न ‘कुठली’ हा नव्हे, तर ‘कशाची’ हा. भिंग घेऊन वस्तू उजेडात धरावी. आत गोलसर हवेचे बुडबुडे किंवा वितळताना झालेल्या लहरी दिसल्या, तर ती काच. स्फटिक हाताला अधिक थंड लागतो आणि काचेपेक्षा कठीण असतो. मात्र कठीणपणा तपासण्यासाठी ओरखडा काढून पाहू नये. ज्या परीक्षेने वस्तूचे नुकसान होते, ती परीक्षा घरच्या अभ्यासकासाठी नाही.

६/
काच म्हणजे मुख्यतः वाळू. पण वाळू सहज वितळत नाही, म्हणून तीत दुसरे द्रव्य घालावे लागते, आणि ते द्रव्य प्रदेशाप्रमाणे बदलते. भूमध्य प्रदेशात सोडा वापरीत. बोहेमियाच्या घनदाट जंगलांत लाकडाच्या राखेतून पोटॅश मिळे, त्यामुळे तेथील काच टणक, कोरीवकामाला सोयीची. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ मध्ये, म्हणजे रायगडावर शिवराज्याभिषेक झाला त्याच वर्षी, नव्या स्वच्छ काचेचे पेटंट घेतले. पुढच्या काही वर्षांत त्याने तीत शिसे घालून जड, तेजस्वी काच सिद्ध केली.

७/
हा फरक घरच्या तराजूवर दिसतो. फुलदाणीचे वजन करा. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणा, आणि दोऱ्याने टांगलेली फुलदाणी तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवा. काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. पहिला आकडा दुसऱ्याने भागा. ६२० ग्रॅमला २४८ आले तर उत्तर २.५, म्हणजे साधी सोड्याची काच. ६२० ला २०० आले तर ३.१, म्हणजे शिशाची काच. तडा गेलेली किंवा सोनेरी वर्ख सुटत असलेली वस्तू मात्र पाण्यात घालू नये.

८/
दुसरे साधन अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च. अंधारात पिवळट किंवा हिरवट काच झगझगीत हिरवी उजळली, तर तीत युरेनियम आहे. १८३० च्या दशकात बोहेमियातील योझेफ रीडेल याने अशा रंगांना प्रसिद्धी दिली. पण पुढे इंग्लंड-अमेरिकेतही ही काच झाली. त्यामुळे हिरवा उजेड म्हणजे ‘युरेनियम आहे’, एवढेच सिद्ध होते, ‘बोहेमियाची आहे’ हे नव्हे. काच स्वच्छ दिसावी म्हणून घातलेले मँगनीजही मंद हिरवे उजळते. एकच लक्षण पाहून निकाल दिला की अशी चूक होते.

९/
आता वस्तू उलटी करा. सर्वांत जास्त माहिती बुडाशी असते. फुंकून घडवलेल्या भांड्याचा काठ नीट करण्यासाठी कारागीर त्याच्या बुडाला लोखंडी सळई चिकटवतो. काम संपले की सळई तोडतो आणि तेथे खरबरीत व्रण राहतो. चांगल्या कारखान्यात तो घासून गुळगुळीत करीत, मग तेथे उथळ गोल खळगा दिसतो. व्रण दिसला की वस्तू हाताने घडवलेली, असे म्हणता येते. जुनी, असे मात्र नाही. फिरोजाबादेत आणि मुरानोत आजही काच हाताने फुंकली जाते.

१०/
मग साच्याची रेघ शोधा. काच साच्यात दाबून घडवण्याचे यंत्र अमेरिकेत १८२० च्या दशकात रुळले आणि काचेचे भांडे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. दाबलेल्या भांड्यावर दोन, तीन किंवा चार ठिकाणी उभी रेघ आढळते, आणि नक्षीच्या कडा बोटाला बोथट लागतात. हाताने कापलेल्या नक्षीच्या कडा धारदार असतात. तसेच, फुंकलेल्या भांड्याचा आतला पृष्ठभाग बाहेरच्या नक्षीचा उंचसखलपणा थोडाफार घेतो. दाबलेल्या भांड्याची आतली बाजू मात्र सपाट, गुळगुळीत असते.

११/
बुडावरील झीजही वाचावी. शंभर वर्षे फडताळात सरकवलेल्या फुलदाणीच्या बुडाला, जेथे ती प्रत्यक्ष टेकते तेवढ्याच कड्यावर, वेगवेगळ्या दिशांचे बारीक ओरखडे असतात. सगळे ओरखडे एकाच दिशेने असतील, किंवा जेथे बूड टेकतच नाही तेथेही झीज असेल, तर कोणीतरी कागदाने घासून तिचे वय वाढवले आहे, अशी शंका घ्यावी.

१२/
काही वस्तूंवर खूण असतेच. इंग्रजी दाबीव काचेवर छोटा चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखा ठसा दिसला, तर ती १८४२ ते १८८३ या काळातील आकृतिनोंदणीची खूण. तिच्या माथ्यावरील रोमन तीन म्हणजे ‘काच’ हा वर्ग. १८८४ पासून त्याऐवजी ‘आरडी’ अक्षरे आणि क्रमांक आला. ही तारीख मात्र आकृतीच्या नोंदणीची आहे. ती वस्तू पुढे अनेक वर्षे त्याच साच्यातून निघत राहू शकते.

१३/
देशाचे नाव वस्तूवर येण्यामागे कायदे आहेत. ब्रिटनमध्ये १८८७ चा आणि भारतात १८८९ चा व्यापारचिन्ह कायदा मालाचे खोटे वर्णन रोखण्यासाठी झाला. अमेरिकेत मॅकिन्ली कायद्यानुसार मार्च १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे झाले. यावरून विक्रेते सरसकट सांगतात की देशाचे नाव नाही म्हणजे वस्तू १८९१ पूर्वीची. हा तर्क फसवा आहे. तो नियम अमेरिकेला जाणाऱ्या मालाचा होता, मुंबई बंदरात उतरणाऱ्या फुलदाणीला तो लागू नव्हता. शिवाय नाव अनेकदा कागदी चिठ्ठीवर असे, आणि ती पहिल्या धुण्यातच निघून जाई.

१४/
देशांची नावे मात्र कालनिर्णयाला फार उपयोगी. चेकोस्लोव्हाकिया २८ ऑक्टोबर १९१८ रोजी अस्तित्वात आला आणि १९९२ च्या अखेरीस संपला. बुडावर हे नाव कोरलेले असेल तर वस्तू त्या आधीची असूच शकत नाही, मग घरातील आठवण काहीही सांगो. त्याच खोऱ्यांतील त्याच भट्ट्यांमध्ये १९१८ पूर्वी झालेल्या मालावर ‘ऑस्ट्रिया’ किंवा ‘बोहेमिया’ येते, कारण तो प्रदेश ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. जपानी मालावरही असाच फरक दिसतो : अमेरिकेने १९२१ मध्ये ‘निप्पॉन’ऐवजी ‘जपान’ लिहिण्याचा आग्रह धरला.

१५/
सही दिसली की प्रश्न सुटला, असे वाटते. तसे होत नाही. फ्रान्समधील नान्सी येथील एमिल गाले हा कलात्मक काचेचा मोठा कलावंत. दोन-तीन रंगांचे थर चढवून वरचे थर कोरून काढलेल्या त्याच्या फुलदाण्या जगप्रसिद्ध आहेत. तो १९०४ मध्ये वारला, पण कारखाना चालू राहिला. त्याच्या मृत्यूनंतरच्या काही वर्षांतील वस्तूंवर सहीशेजारी छोटी चांदणी असते. अलीकडे रुमानियात झालेल्या नकलांवर ‘गाले’ या नावाजवळ ‘टिप’ हा शब्द असतो. त्याचा अर्थ ‘त्या धर्तीचे’. तो शब्द घासून काढला की नक्कल अस्सल म्हणून विकायला मोकळी.

१६/
याउलट काही उत्तम काच विनासहीच आहे. बोहेमियातील क्लास्टेर्स्की म्लिन येथील लोट्झ कारखान्याची मोरपिसासारखी रंग बदलणारी काच पॅरिसच्या १९०० च्या प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिकाची मानकरी ठरली. तिचा बराच माल सहीविना बाहेर पडला. आज अभ्यासक कारखान्याच्या जपलेल्या कागदी आकृत्यांशी प्रत्येक फुलदाणीचा आकार आणि सजावट ताडून पाहतात. क्रालिक, रिंडस्कोफ अशा इतर कारखान्यांची काचही तशीच दिसते, म्हणून हे ताडून पाहणे अटळ. आणि जिच्यावर ठळक सही आहे, तिच्याकडेच अधिक संशयाने पाहावे लागते : सही नंतर कोरता येते, आकार मात्र नंतर बदलता येत नाही.

१७/
‘मूळ’ हा शब्दही सरळ नाही. कार्लोव्ही व्हारी येथे लुडविग मोझर याने १८५७ मध्ये काच कोरण्याची कार्यशाळा काढली. त्याची स्वतःची भट्टी १८९३ मध्ये आली. मधली छत्तीस वर्षे तो इतरांची कोरी भांडी घेऊन सजवत होता. तेव्हाच्या फुलदाणीला भट्टीचे गाव एक आणि नक्षीचे दुसरे. तसेच बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने भारतीय दरबारांसाठी हुक्क्याची काचेची बुडे आणि झुंबरे घडवली. तिची विक्रीची पेढी कलकत्त्यात होती. आकार भारतीय, ग्राहक भारतीय, काच मात्र इंग्रजी. केवळ आकार पाहून निर्णय दिला, तर अशी वस्तू हमखास लखनौची ठरेल.

१८/
मग सगळे काही ‘बेल्जियमचे’ कसे झाले? त्या देशाचा दावा निराधार नाही. लिएजजवळील व्हाल सेंट लँबेर हा १८२६ चा कारखाना दर्जेदार काचेसाठी नावाजलेला आहे. खिडक्यांची तावदाने आणि आरसे यांच्या निर्यातीत बेल्जियम अग्रेसर होता. जाड, स्वच्छ आरशाला ‘बेल्जियम काच’ म्हणण्याची रूढी पडली, आणि तोच शब्द हळूहळू घरातील प्रत्येक चांगल्या काचेला चिकटला, असे दिसते. ‘बेल्जियम’ हे देशाचे नाव न राहता दर्जाचे विशेषण बनले. पैठणी येवल्यात विणली तरी पैठणीच म्हणवते, तसाच हा प्रकार.

१९/
प्रत्यक्ष आयातीचे चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतात येणाऱ्या काचेत ऑस्ट्रिया-हंगेरी, जर्मनी, बेल्जियम आणि इंग्लंड यांचा मोठा वाटा होता. १९१४ मध्ये युद्ध पेटले. ऑस्ट्रिया आणि जर्मनी शत्रुराष्ट्रे ठरली, बेल्जियमवर जर्मन फौजा आल्या, आणि तो माल थांबला. रिकामी झालेली बाजारपेठ जपानने भरून काढली. ‘आजोबांनी १९१६ च्या लग्नात घेतलेली बेल्जियमची फुलदाणी’ अशी हकिकत समोर आली, तर हे वर्षच तिची फेरतपासणी करायला सांगते. जुना साठा विकला जाणे शक्य होते, पण नवा माल येणे दुरापास्त.

२०/
याच काळात महाराष्ट्रात स्वतःची काच घडत होती. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा जमवून स्वदेशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा होता. या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे तेथील तज्ज्ञ. कारखाना हीच शाळाही होती : तेथे तयार झालेले विद्यार्थी पुढे ठिकठिकाणी भट्ट्या पेटवण्यास गेले.

२१/
त्यांपैकी एक श्रीपाद प्रभाकर ओगले. १९१६ मध्ये कराडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत ओगले ग्लास वर्क्स उभा राहिला, आणि त्या वस्तीचे नावच ओगलेवाडी झाले. तेथील ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. कंदिलाला नाव होते म्हणून तो आजही ओळखला जातो. परंतु चिमण्या, बाटल्या, पेले अशा साध्या काचमालाला सहसा असे नाव मिळत नाही. ती वस्तू फडताळात राहिली तरी तिची ओळख राहात नाही.

२२/
या शोधात पणाला लागते ते नेमके हेच. चुकीच्या नावामुळे एखाद्याचे पैसे बुडतात, तो तोटा लहान. मोठा तोटा इतिहासाचा. कोणतीही बरी काच परदेशी असणार हे गृहीत धरले, की एकेका पैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या भट्टीचा माल आपल्याच घरात परका ठरतो. उलट, प्रत्येक बिनखुणेची बाटली अभिमानाने तळेगावची म्हणणे हीसुद्धा तशीच चूक. तेथे पुराव्याची जागा ‘बेल्जियम’ऐवजी ‘स्वदेशी’ या शब्दाने घेतलेली असते.

२३/
म्हणून निकाल तीन पायऱ्यांत लिहावा. ‘निश्चित’ : न बदलता येणारी खूण किंवा कारखान्याच्या नमुनापुस्तकाशी पूर्ण जुळणी. ‘संभाव्य’ : काचेचा प्रकार, घडण आणि सजावट ही तिन्ही एकाच ठिकाणाकडे निर्देश करतात. ‘अनिर्णित’ : यांतील काहीच नाही. संग्रहालयांतील जबाबदार नोंदीतही ‘बहुधा बोहेमिया, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध’ अशीच भाषा असते. ‘बहुधा’ हा शब्द अज्ञान दाखवत नाही. पुरावा कुठवर पोहोचतो, ते तो प्रामाणिकपणे सांगतो.

२४/
घरात अशी फुलदाणी असेल तर पाच गोष्टी टिपून ठेवा : बुडाचे छायाचित्र, काठाचे छायाचित्र, उंची आणि वजन, पाण्यातील परीक्षेचा आकडा, आणि ती घरात कोणाकडून, कधी, कुठून आली याची हकिकत. हकिकत आणि निरीक्षण वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, म्हणजे आठवण पुराव्यात मिसळणार नाही. जुने बिल, खोक्याचा तुकडा, अर्धवट चिठ्ठी, काहीही फेकू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुन्या कलावस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत, त्यामुळे वय ठरवणे हा केवळ हौसेचा प्रश्न नाही.

२५/
आणि घरातील वडीलधारी मंडळी “ही बेल्जियमची” म्हणाली, तर लगेच खोडून काढू नका. ते वाक्यही जपण्याजोगा दस्तऐवज आहे : चांगल्या काचेला त्या पिढीने कोणते नाव दिले, हे तो सांगतो. ते तारखेसह वहीत लिहा. मग फुलदाणी उलटी करा आणि बुडापासून वाचायला सुरुवात करा.